दहापैकी सात

दहा प्रश्न असतात. उत्तर 'हो' किंवा 'नाही', एवढंच. पाच मिनिटंही लागत नाहीत. 'हो' सात वेळा किंवा त्याहून जास्त आलं, तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्या, एवढाच त्या परीक्षेचा निरोप असतो. पण रात्री दीड वाजता, शेजारी बहीण झोपलेली असताना, पांघरुणात मोबाइलचा उजेड लपवून जी मुलगी हे प्रश्न सोडवते, तिच्यापर्यंत निरोप वेगळाच पोहोचतो. तिचे आठ आले. तिला वाटतं, आपल्याला एकदाचं नाव मिळालं. घरात आजवर मिळालेली नावं 'तापट', 'नाटकी', 'अतीच करते' अशी होती. हे नाव इंग्रजी आहे, डॉक्टरी आहे: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. म्हणजे ते खरंच असणार.

ही मुलगी अनगोळची आहे असं धरू. ती कुणी एक व्यक्ती नाही. समजावून सांगण्यासाठी मी तिला उभी केली आहे. अनगोळ मात्र खरं आहे. बेळगावच्या दक्षिणेला, टिळकवाडीची रेल्वे फाटकं ओलांडली की लागणारं, कधीकाळचं गाव आणि आताचं उपनगर. एका अंगाला उद्यमबागेतले कारखाने, दुसऱ्या अंगाला येळ्ळूरच्या दिशेनं पसरलेलं भाताचं शिवार. घरात मराठी, सरकारी कचेरीत कन्नड आणि मोबाइलवरच्या परीक्षेत इंग्रजी. ही तिसरी भाषा या प्रकरणात पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते निम्मा घोळ तिथेच आहे.

स्क्रीनिंगला मराठीत चाळणी परीक्षा म्हणतात, आणि हा शब्द मला मूळ शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो. अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती ज्यांच्या घरात येतो, त्यांना चाळणीचं काम सांगायला नको. चाळणीनं कणी आणि माती खाली पडते. पण तांदळाएवढाच खडा असेल, तर तो तांदळाबरोबर वरच राहतो. त्याला सुपात घेऊन, दारात उजेडाला बसून, बोटानं वेचावं लागतं. चाळणीच्या कामाला निवडणं कुणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण चाळणी फिरवतो आणि निवडून झालं असं समजतो.

ही दहा प्रश्नांची चाळणी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॅक्लीन रुग्णालयात तयार झाली. मेरी झॅनरिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत या विकाराचे नऊ निकष आहेत. त्यातला नववा, म्हणजे ताणाच्या वेळी येणारा संशय किंवा भोवतालापासून तुटल्याची भावना, या परीक्षेत दोन प्रश्नांत विभागला आहे. म्हणून नवाचे दहा. जवळच्या नात्यांत सतत भांडणं किंवा वारंवार ताटातूट होते का, स्वतःला मुद्दाम इजा केली आहे का, खर्च, खाणं, पिणं, रागाचे झटके यांपैकी काही हाताबाहेर जातं का, मनःस्थिती फार हेलकावते का, बराच काळ रागात जातो का, लोकांवर विश्वास बसत नाही का, आपण किंवा भोवतालचं सगळं खोटं वाटतं का, आत कायम रितेपण असतं का, आपण कोण हेच कळत नाही असं होतं का, आणि कुणी सोडून जाईल या भीतीनं जिवाच्या आकांतानं काही केलं जातं का. मी हे प्रश्न माझ्या शब्दांत, सैलसर सांगितले आहेत. हे वाचून मनातल्या मनात गुण मोजू नका.

सातची रेघ आली कुठून? झॅनरिनींनी उपचारांचा काही ना काही अनुभव असलेल्या २०० जणांना ही परीक्षा दिली आणि त्यांच्या सविस्तर मुलाखतीही घेतल्या. मुलाखतीत ज्यांच्यात विकार दिसला, त्यांतल्या ८१ टक्क्यांना सातच्या रेघेनं बरोबर पकडलं. ज्यांच्यात दिसला नाही, त्यांतल्या ८५ टक्क्यांना तिनं बरोबर सोडून दिलं. पाच मिनिटांच्या परीक्षेसाठी हे आकडे उत्तम आहेत. आता हीच चाळणी अनगोळात फिरवू.

हजार माणसं घ्या. सर्वसाधारण लोकांत हा विकार शंभरात एक-दोघांना असतो, असा वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांचा अंदाज आहे. आपण दोन धरू; हजारात वीस. या वीसपैकी सोळा जणांना परीक्षा पकडेल, चार निसटतील. उरले ९८०. त्यांना विकार नाही, पण परीक्षा त्यांतल्या १५ टक्क्यांना चुकून अडवणार आहे, म्हणजे १४७ जणांना. सात किंवा अधिक गुण पडलेले एकूण झाले १६३, आणि त्यांत खरोखर विकार असलेले सोळा. दहातला एक. रात्री दीड वाजता आठ गुण मिळालेल्या दहा मुली असतील, तर त्यांतल्या नऊ जणींना हा विकार नसण्याचा संभव आहे, आणि परीक्षेत दोष काहीही नाही.

हीच परीक्षा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातल्या बाह्यरुग्णांना दिली, तर चित्र बदलतं. तिथे शंभरात दहा जणांना हा विकार असतो असं धरतात. मग हजारांत शंभर. त्यांतले ८१ पकडले जातील आणि बाकीच्या ९०० पैकी १३५ जण चुकून अडकतील. म्हणजे सात किंवा अधिक गुण असलेल्या आठ जणांत तिघांना विकार खरा. प्रश्न तेच, रेघ तीच, पण आकड्याचा अर्थ जवळजवळ चौपट झाला, कारण परीक्षेला बसलेली माणसं वेगळी होती. ही गोष्ट मोबाइल सांगत नाही. हिरव्या-लाल पट्टीवर गुण दाखवून तो थांबतो. मला या सगळ्या प्रकारातला हा सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो.

त्या नऊ जणींचं मग काय? त्यांना काहीच होत नाही, असं मुळीच नाही. आठ प्रश्नांना 'हो' म्हणणारं माणूस सुखात असण्याचा संभव कमी. नैराश्य असेल, जुन्या आघाताची जखम असेल, घरात मारहाण असेल, दारू असेल, थायरॉइड बिघडलेला असेल, प्रेमभंगाला तीनच आठवडे झाले असतील. चाळणीत काहीतरी अडकलं आहे, हे खरं. ते काय आहे, हे चाळणीला सांगता येत नाही.

आता भाषेकडे येऊ. मूळ परीक्षेत रितेपणासाठी जो इंग्रजी शब्द आहे, तो या मुलीला कळतो. तिनं तो बारावीपर्यंत वाचला आहे. पण आपलं मन तिला त्या शब्दानं कळलेलं नाही. ती लहानपणापासून म्हणत आली आहे, 'करमत नाही.' करमत नाही हे मराठीतलं फार नेमकं क्रियापद आहे. त्याला जागा आणि माणूस लागतं. सासरी नवीन गेलेल्या मुलीला करमत नाही, मैत्रीण धारवाडला शिकायला गेली की करमत नाही. जागा बदलली, माणूस आलं, की ते जातं. निकषातलं रितेपण असं जात नाही. ते लग्नाच्या भरल्या मांडवात, आवडती माणसं शेजारी बसलेली असतानाही आत तसंच असतं, आणि वर्षानुवर्षं असतं. करमत नसलेली मुलगी इंग्रजी प्रश्नाला 'हो' म्हणते आणि तिच्या खात्यात एक गुण वाढतो.

रागाचंही तेच. मराठीत राग आहे, चीड आहे, संताप आहे, तिडीक आहे, आणि रुसवा आहे. रुसवा आपल्याच माणसावर असतो. समोरच्यानं येऊन मनधरणी करावी, हीच त्याची मागणी असते. निकषातला राग यांच्यापैकी कुठला? तो कारणाच्या मानानं अवाढव्य असतो, आवरता येत नाही, आणि ओसरल्यावर पुष्कळदा मागे शरम ठेवून जातो. पण रुसवा सारखा सारखा येत असेल, मनधरणीला कुणी आलं नाही तर जगच संपल्यासारखं होत असेल, तर तो रागाच्या प्रश्नातून उठून 'सोडून जाईल' या प्रश्नात जाऊन बसतो. हा फरक 'हो' आणि 'नाही' यांत मावत नाही. तो ऐकणाऱ्या माणसाला कळतो, आणि तेही त्याला रुसवा हा शब्द माहीत असेल तर.

नात्यांच्या प्रश्नाची गंमत नाही, अडचण आहे. हा प्रश्न ज्या समाजात लिहिला गेला, तिथे विशी ओलांडलेली माणसं नाती जोडतात आणि मोडतात; त्यामुळे अस्थिर नातं म्हणजे वारंवार तुटलेलं नातं. आपल्याकडच्या एकत्र घरात तोडायची सोयच नसते. तिथे अबोला असतो. एकाच चुलीवरचं जेवून आठ-आठ महिने न बोलणाऱ्या जावा असतात. माहेरी निघून जाणं असतं आणि दिवाळीला परत येणं असतं. अनगोळच्या मुलीला विचारलं, 'तुझी नाती वारंवार तुटतात का?' तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. तिचं एकही नातं तुटलेलं नाही. पण आईला सकाळी देव मानणं आणि संध्याकाळी तिचं तोंडही न बघणं, मैत्रिणीला एका दिवसात जिवाभावाची करणं आणि एक फोन उचलला नाही म्हणून वैरीण ठरवणं, हे चालू असेल, तर निकषाला जे म्हणायचं आहे ते तिथे आहे. इथे चाळणी उलट्या बाजूनं चुकते. अडकायला हवं ते निसटून जातं.

प्रश्न कुणाला आणि कुठे विचारला जातो, यावर उत्तराचा अर्थ ठरतो, याची आणखी उदाहरणं याच मातीत आहेत. हलगा-मच्छे बायपाससाठी ज्याच्या पिकत्या शिवाराची मोजणी झाली, तो शेतकरी वर्षभर रागात असेल तर त्याच्या रागाला कारण आहे, आणि कारणाच्या मानानं तो मोठाही नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दारात एखादीच्या अंगात येतं, तिला त्या वेळी आपण आपण नाही असं वाटतं. श्रद्धेच्या चौकटीत, सगळ्यांच्या समोर, ठरल्या प्रसंगी येणाऱ्या अनुभवाला निदान-पुस्तिकाही विकार म्हणत नाही. आणि 'मी कोण' हा प्रश्न तर या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात प्रत्येकाला केव्हा ना केव्हा विचारला गेलेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून तीन पिढ्या शाळेचं माध्यम, दुकानाची पाटी आणि सातबाऱ्याची भाषा यांवर हा प्रश्न ऐकत वाढल्या. पण तो भूमीचा आणि भाषेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देणाऱ्याला आपण कोण हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच तो भांडतो. निकषातली ओळख हरवणं वेगळं. त्यात आपल्याला काय आवडतं, काय पटतं, पुढे काय व्हायचं आहे, हे समोर कोण बसलं आहे त्यावर बदलत जातं, आणि एकटं असताना आत कुणीच नसल्यासारखं वाटतं. सीमाभागातल्या माणसानं या प्रश्नावर थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

बॉर्डरलाइन हे नाव कुठून आलं, तेही इथेच सांगतो. अमेरिकन मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये काही रुग्णांचं वर्णन केलं. ते ना धड चिंताविकारांच्या त्या काळच्या चौकटीत बसत होते, ना वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारांच्या. दोन आजारांच्या मधल्या सीमेवरचे, म्हणून बॉर्डरलाइन. ती कल्पना मागे पडली, नाव चिकटून राहिलं. १९८० मध्ये ते निदान-पुस्तिकेत अधिकृतपणे आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या यादीत 'भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व' असा शब्द ठेवला होता, आणि २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तर व्यक्तिमत्त्व-विकारांचे बहुतेक सगळे कप्पेच काढून टाकले. आता आधी त्रास सौम्य, मध्यम की तीव्र हे बघतात आणि गरज असेल तर त्याला 'बॉर्डरलाइन धाटणी' अशी जोड देतात. हा बदल मला मोलाचा वाटतो. माणूस कुठल्या कप्प्यातलं आहे, यापेक्षा त्याला किती त्रास होतो, हे पहिल्यांदा विचारलं जातं.

कप्पे किती फसवे असतात हे मोजूनही दाखवता येतं. नऊ निकषांपैकी कुठलेही पाच असले की निदान बसतं. नवातून पाच किंवा अधिक निवडण्याचे प्रकार २५६ होतात. दोघांचं निदान एकच, पण त्यांच्यात समान निकष फक्त एक, असंही घडू शकतं. म्हणून 'मला बॉर्डरलाइन आहे' हे वाक्य ऐकून आपल्याला त्या माणसाबद्दल फार थोडं कळतं. एक दिवसभर रडत बसते, दुसरा पगार दोन दिवसांत उडवतो, तिसरी चाळीस मिस्ड कॉल करते.

मग तपासणीत तज्ज्ञ असं काय करतो, जे दहा प्रश्न करत नाहीत? मुख्यतः तो काळ विचारतो. हे केव्हापासून आहे? दहावीपासून की गेल्या पावसाळ्यापासून? घरातच आहे की कॉलेजात, कामावर, मैत्रिणींतही? व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणजे कुमारवयाच्या आसपास सुरू होऊन वेगवेगळ्या ठिकाणी दिसत राहिलेली धाटणी. बाळंतपणानंतरचे चार महिने, वडील गेल्यानंतरचं वर्ष, सीईटीचा मोसम, यांवरून ती ठरत नाही. मग तो हेलकाव्यांची लांबी बघतो. द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर, विकारात चढलेली मनःस्थिती दिवसच्या दिवस टिकते. निदानासाठी किमान चार दिवस, तीव्र स्वरूपात आठवडा लागतो. बॉर्डरलाइन धाटणीत ती तासातासाला बदलते, आणि बहुधा कुणाच्या तरी बोलण्यानं, न बोलण्यानं, उशिरा आलेल्या उत्तरानं बदलते. हा फरक चुकला तर वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्या चालू राहतात. अशा मुलाखती एकसारख्या घेता याव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं एक प्रश्नावली तयार करून घेतली. तिची चाचणी ११ देशांतल्या १४ केंद्रांवर, ७१६ रुग्णांवर झाली, आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या केंद्रांत आपलं बेंगळुरूही होतं. मुलाखत घेणारे प्रशिक्षित होते आणि माणसाच्या भाषेत बोलत होते. ती खरी निवड, सुपातली.

दहातल्या एका प्रश्नाला मात्र मी चाळणीच्या हिशेबाबाहेर ठेवतो. स्वतःला इजा करण्याचा. बाकी नऊ प्रश्नांना 'नाही' असेल आणि फक्त या एकाला 'हो' असेल, तर गुण पडतात एक, आणि मोबाइल हिरवी पट्टी दाखवून शाबासकी देतो. ती पट्टी मानू नका. स्वतःला इजा केली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर गुण एक असो वा दहा, आजच कुणाशी तरी बोलायला हवं. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, आणि भाषा निवडताना मराठीही मिळते, कन्नडही. हा क्रमांक घरातल्या एकानं तरी पाठ ठेवावा.

बोलायला जायचं कुठे? बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आताच्या बिम्समध्ये, मनोविकार विभाग आहे. के.एल.ई.च्या मोठ्या दवाखान्यातही आहे. धारवाडची डिम्हान्स ही ब्रिटिश काळापासूनची संस्था रस्त्यानं दोनएक तासांवर. निपाणीकडच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडतं. औषधं देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. चाचण्या आणि मानसोपचार करतो तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असायला हवी. पाटी बघून नोंद विचारायला लाजू नका. आणि मराठीतून बोलायचं असेल तर आधीच तसं सांगा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर घरातल्या माणसाला दुभाषी म्हणून आत नेऊ नका; जिच्याबद्दल बोलायचं आहे, ती आईच दुभाषी झाली तर मुलगी काय बोलणार?

आई-वडिलांच्या मनात या वेळी एकच विषय असतो: स्थळ. कागदावर नाव चढलं तर मुलीचं कसं होणार? ही भीती खोटी नाही, समाज तसा वागतो. पण कायदा तिच्या बाजूनं आहे, हे त्यांना ठाऊक असावं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात आहे. पूर्वी कधी उपचार घेतले, एवढ्यावरून आज कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, अशी तरतूद आहे.

आता दहांतल्या ज्या एकीचं निदान खरं निघतं, तिच्याविषयी. दवाखान्यांतही या नावाला फार दिवस वाईट वास होता: हे रुग्ण त्रास देतात, हे सुधारत नाहीत. हे खोटं ठरलं आहे, आणि ते ज्यांनी ही चाळणी बनवली त्या झॅनरिनींनीच दाखवलं. मॅक्लीनमध्ये दाखल झालेल्या या विकाराच्या २९० रुग्णांच्या मागे त्या १९९२ पासून वर्षानुवर्षं राहिल्या. दर दोन वर्षांनी प्रत्येकाला पुन्हा भेटत गेल्या. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं निदानाच्या रेघेखाली आली आणि किमान दोन वर्षं तिथेच राहिली. नोकरी, शिक्षण आणि नाती यांसकट नीट उभं राहणं मात्र निम्म्यांनाच जमलं. हे दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. वादळ बहुतेकांचं शमतं. पण पडलेलं घर उभं करायला वेगळी मदत लागते, शिक्षण पुरं करायला, काम मिळवायला, आणि ती गोळ्यांनी होत नाही. या विकारावर म्हणून ठरलेली गोळी नाहीच. सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी डॉक्टर औषध देतात. मुख्य उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा.

त्यातला सगळ्यांत तपासला गेलेला उपचार मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घडवला. डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी असं त्याचं नाव. त्यात चार गोष्टी शिकवल्या जातात: या क्षणाशी सजग राहणं, लाट आली तर काही न मोडता ती सोसणं, भावना ओळखून तिला हाताळणं, आणि नातं न तोडता मागणी करणं किंवा नकार देणं. हे कौशल्य म्हणून शिकवतात, पोहण्यासारखं, सरावानं. लिनेहान यांची पहिली मोठी चाचणी १९९१ ची. त्यानंतर वीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करून घेत होत्या. ज्या खोलीतून बाहेर पडायला वाट नव्हती, तिची वाट त्यांनी इतरांसाठी बांधली होती. या विकाराबद्दल मला आशा वाटते, त्यात त्यांच्या या सांगण्याचा वाटा मोठा आहे.

लिनेहान यांचं म्हणणं असं, की काही मुलं जन्मतःच पातळ कातडीची असतात. भावना लवकर पेटते, जोरात पेटते, विझायला वेळ लागतो. अशा मुलाच्या भोवतालचं घर सारखं सांगत राहिलं की तुला वाटतं ते खरं नाही, तर मूल स्वतःच्या मनावरचा विश्वास गमावतं. आपल्याकडे हे प्रेमानं घडतं. 'कशाला एवढं मनाला लावून घेतीस?' हे वाक्य कुठल्याच आईनं दुष्टाव्यानं म्हटलेलं नसतं. त्याच्या जागी 'तुला फार लागलं, होय?' एवढंच म्हटलं, तर भांडणाचा निम्मा जोर तिथेच ओसरतो. मुलीचं म्हणणं पटलं पाहिजे असं नाही. तिला लागलं आहे, एवढं मान्य करायचं. निदान खरं असो, खोटं असो, परीक्षेत तीन गुण असोत की नऊ, हे वाक्य कुठल्याही घरात आज रात्रीपासून म्हणता येतं.

आणि आता पुन्हा त्या मुलीकडे, कारण हे प्रकरण तिच्यासाठी लिहिलं आहे. तुझे आठ आले आहेत. तो आकडा तज्ज्ञासमोर ठेवायला हरकत नाही, पण त्याला त्यातून फारसं कळणार नाही. जाण्याआधी एका कागदावर गेल्या वर्षातले तीन प्रसंग लिही, ज्यांत तू स्वतःच्या हाताबाहेर गेलीस. आधी काय झालं, तू काय केलंस, किती वेळानं शांत झालीस, नंतर काय वाटलं. असंच काही दहावीत असताना झालं होतं का, तेही लिही. आणि त्या वेळी तोंडातून जे शब्द गेले ते इंग्रजीत करू नकोस. मराठीत गेले तर मराठीत, कन्नडात गेले तर कन्नडात, जसे गेले तसेच लिही. तपासणाऱ्याला तेच हवे आहेत.